मिनिटराव

हिंजवडीतल्या कुठल्याही सपोर्ट टीममध्ये एक मिनिटराव असतोच. हुद्दा टीम लीड, समोर दोन मॉनिटर. एकावर तिकिटांची क्यू, दुसऱ्यावर डॅशबोर्ड. ग्राहक काय म्हणतो ते पहिल्यावर दिसतं, म्हणून मिनिटराव दुसऱ्याकडे बघतो. टीममधली पोरंही त्याला नावाने आठवत नाहीत. ‘खिडकीजवळचा तो, सरासरी बावीस मिनिटंवाला’ अशी आठवतात.

एके काळी मिनिटराव सुखी होता. तिकीट आलं की पहिलं उत्तर किती वेळात गेलं, एवढंच मोजायचं. ‘आपली तक्रार मिळाली, लक्ष घालत आहोत’ हे वाक्य पोरं चिकटवून धाडायची आणि महिनाअखेर आलेख हिरवागार. मग एका मीटिंगमध्ये क्लायंटने विचारलं, “दुसऱ्या मेलला किती वेळ लागतो?” त्या दिवसापासून मिनिटरावाची झोप उडाली आणि त्याच्या आयुष्याला अर्थ आला.

मेख दुसऱ्या मेलमध्येच असते. मिसळ मागवली की वेटर पाण्याचा ग्लास लगेच आपटून जातो. खरी परीक्षा जास्तीचा रस्सा मागितल्यावर. ‘आणतो’ म्हणून तो जो जातो, तो थेट बिल घेऊनच उगवतो.

झेनडेस्कसारख्या तिकीट-प्रणालीत या दुसऱ्या उत्तराच्या वेळेचा चोख हिशेब असतो. उत्तर न मिळालेल्या सगळ्यात जुन्या मेसेजपासून घड्याळ सुरू होतं आणि ग्राहकाला दिसेल अशा उत्तरालाच थांबतं. टीमने आपापसांत लिहिलेल्या नोंदी धरत नाहीत. ग्राहकाने पुढे चारदा ‘कुणी आहे का?’ विचारलं, तरी मोजणी पहिल्या हाकेपासूनच. मिनिटरावाला ही कलमं झोपेतही पाठ.

पण पोरं त्याच्याहून वस्ताद. उत्तराची मुदत संपायला दोन मिनिटं उरली की, ‘कृपया स्क्रीनशॉट पाठवा.’ तो पहिल्याच मेलला जोडलेला असतो. बिचारा ग्राहक पुन्हा पाठवतो. मग, ‘ब्राउझर कुठला?’ तिकीट पेंडिंगला, घड्याळ गप्प. प्रत्येक उत्तर वेळेत जातं, ग्राहकाचं अडलेलं लॉगिन तेवढं होत नाही. एखाद्या आकड्यावर कारभार चालवायला घेतला की तो आकडाच बिघडतो, हे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्येच ओळखलं होतं. तो बोलत होता पैशाच्या पुरवठ्याबद्दल. हिंजवडीची त्याला कल्पना नसावी.

मिनिटराव चिडक्या ग्राहकाला भीत नाही, सभ्य ग्राहकाला भितो. तिकीट सोडवून पोरं घरी जातात आणि हा भला माणूस लिहितो, ‘थँक यू सो मच!’ सोडवलेलं तिकीट पुन्हा उघडतं, घड्याळ पळू लागतं. मिनिटराव ओरडतो, “अरे, आभार मानलेत त्याने! कुणीतरी बघा, मुदत ब्रीच होईल!”

घरीही तेच. ‘येताना दूध आणा’ या मेसेजला क्षणात ‘ओके’. ‘निघालात का?’ला तितक्याच क्षणात ‘लवकरच कळवतो’. रात्री मोकळ्या हाताने दारात उभा राहून तो बायकोला विचारतो, “पण उत्तराला कधी उशीर झाला का?”

मिनिटरावाला हसावं, पण घालवू नये. ग्राहकाची दुसरी हाक निदान त्याच्यामुळे कागदावर आली. त्याच्या तक्त्यात एकच रकाना कमी आहे: एका कामासाठी ग्राहकाला किती वेळा लिहावं लागलं? तो घातला, तर पहिल्याच महिन्यात आलेख लालभडक होईल आणि मग कदाचित लॉगिनही होईल. तोवर वाचकहो, एवढं करा. सगळी माहिती पहिल्याच मेलमध्ये द्या, आणि काम झालंच, तर आभार मनातल्या मनात माना.