येतो म्हणून जावं

चि. प्लेअर यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

'चिरंजीव' लिहिताना पेन जरा अडखळलं. जो रोज सकाळी सव्वाआठला आमच्या स्वयंपाकघरात मरतो, त्याला चिरंजीव कसं म्हणावं? पण मायना शाळेत घोटून घेतलेला आहे आणि तू वयानं धाकटा, तेव्हा 'तीर्थरूप' म्हणायची सोय नाही. पत्र खुलं का, तेही सांगतो. पाकिटात घालून बंद केलं असतं, पण 'बंद' म्हटलं की तुझं काय होतं ते गेले तीन आठवडे बघतोय.

एरवी तुझं बरं चाललंय. अपडेट आल्यापासून रंग उजळलाय, बटणं गोल झालीत, गातोसही छान. तक्रार आहे ती तुझ्या निघण्याबद्दल. कोपऱ्यातली फुली दाबली की खिडकी मिटते, आम्ही म्हणतो झालं, आणि दोन सेकंदांनी पडद्यावर पाटी उगवते: या प्रोग्रॅमने काम करणे थांबवले आहे. अरे, तेच तर सांगितलं होतं! छत्तीस वर्षं बँकेत काढली मी. शिपायाला 'आता घरी जा' म्हटल्यावर तो दारात आडवा पडून 'मी काम थांबवलं हो' म्हणून ओरडलाय, असं एकदाही झालं नाही.

"थांबला ना शेवटी? मग झालं तर," शेजारचे म्हणाले. त्यांच्या घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई नाही. आमच्याकडे ती पाटी आई वाचते. मग आतून हाक येते, "अरे, मी काही केलं नाही हं. फुलीच दाबली." मिक्सर जळला, फोन पडला, तार आली, काहीही झालं तरी या पिढीच्या बायकांना आधी स्वतःचीच चूक वाटते. तू तीन आठवडे रोज सकाळी एका निरपराध बाईकडून जबानी घेतोयस.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. आमच्याकडे १९८६ च्या गणेशोत्सवातल्या एका बैठकीची नव्वदची कॅसेट आहे. बाबांनी व्यासपीठाशेजारी बसून टेप केलेली. भाच्यानं ती संगणकात उतरवून दिली. एक बाजू म्हणजे पंचेचाळीस मिनिटांची एक फाईल. आई सकाळी भाजी निवडताना वीसेक मिनिटं ऐकते आणि बंद करते. दुसऱ्या दिवशी गाणं तिथूनच पुढे सुरू व्हायचं, तुझा आदला अवतार तेवढं लक्षात ठेवायचा. आता रोज पहिल्यापासून. रोज तंबोरे जुळतात, रोज कोणीतरी माईकवर टकटक करतं, रोज यमनचा विलंबित उलगडायला लागतो, आणि द्रुत यायच्या आत मेथी संपते. परवा आई म्हणाली, "हे बुवा हल्ली फारच सावकाश गायला लागलेत."

याचं कारण भाच्यानं सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. तो हिंजवडीला नोकरीला असतो. म्हणाला, "मामा, तो आवाज किती, यादी कुठली, गाणं कुठे थांबलं, हे सगळं बंद होतानाच लिहितो. लिहायच्या आधीच कोसळला तर काय लिहिणार?" म्हणजे दिवसभराचा हिशेब दिवसभर डोक्यात, आणि वहीत नोंद शेवटच्या श्वासाला! बाळा, मी कॅशियर होतो. काउंटरवर नोट आली की आधी नोंद, मग पुढचा माणूस. संध्याकाळी एकदम लिहीन म्हणणाऱ्या कॅशियरला दुसऱ्या दिवशी काउंटर मिळत नाही, मेमो मिळतो.

तरी तुझ्यावर उपचार केले. ज्याला त्याला विचारलं, आणि ज्यानं त्यानं स्वतःचं औषध दिलं. लॅपटॉप बंद करून चालू करा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदला. हार्डवेअर ॲक्सिलरेशन काढा. आवाज बाहेर टाकायची पद्धत बदलून बघा. सगळं झालं. तुला काढून टाकून पुन्हाही बसवलं, आणि पुन्हा बसल्याबसल्या तुला आमची सगळी यादी तोंडपाठ! तेव्हा कळलं की तू घर सोडतोस, पण सामान माळ्यावर ठेवून जातोस. विंडोजमध्ये 'ॲपडेटा' नावाचा एक लपवलेला माळा असतो, तिथे तुझ्या सेटिंगांचं गाठोडं तसंच पडलेलं होतं. दुखणं त्याच गाठोड्यात असेल, तर शंभरदा बाहेर काढून आत घेतलं तरी तू आजारीच येणार.

तुझ्या कंपनीलाही कळवलं. पाटीखाली 'अहवाल पाठवा' असं बटण होतं, ते सतरा वेळा दाबलं. मग सविस्तर लिहून पाठवलं. एका मिनिटात उत्तर आलं, कृपया नवीनतम आवृत्ती वापरून पाहा. रोगाचं नाव आणि औषधाचं नाव एकच.

शेवटी गेल्या रविवारी भाचा आला आणि त्यानं इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ही विंडोजची स्टेशन डायरी. कोण कधी कसं गेलं त्याची नोंद तिथे तारीखवार असते. तुझ्या सतरा मरणांच्या नोंदी ओळीनं होत्या. बहुतेकांपुढे एकच आकडा, 'सी'च्या पुढे सहा शून्यं आणि एक पाच. शून्यं मोजायची मला सवय, चुकलो नाही. त्याचा अर्थ, स्मरणातल्या ज्या जागेवर आपला हक्क नाही, किंवा आता उरलेला नाही, तिथे हात घातला. दोनचार नोंदींत 'एनटीडीएलएल' असं नाव होतं, ते विंडोजचं स्वतःचं. मी म्हटलं, सापडला चोर! भाचा हसला. "मामा, प्रेत ज्याच्या अंगणात सापडतं तो खुनी असतोच असं नाही." खरा पुरावा बाकीच्या नोंदींत होता. तिथे टेपची खरखर काढणाऱ्या एका जुन्या प्लगइनचं नाव होतं आणि नावाला शेपूट जोडलेली, 'अनलोडेड'. म्हणजे ज्याच्या घरात मृत्यू झाला ते घर त्या वेळी जागेवर नव्हतंच.

हे मला नीट कळेना, तेव्हा त्यानं लग्नाच्या मांडवावर आणून सांगितलं. मांडव घालताना आधी खांब, मग वासे, मग कापड. सोडताना उलट, जे शेवटी बांधलं ते आधी सुटतं. तुमच्यातही तसंच, जो शेवटी जन्मला तो आधी जातो. पण मांडव सोडायच्या आधी एक गोष्ट बघायची असते, पंगत उठली का. त्या प्लगइननं खरखर गाळायला स्वतःचा एक गडी ठेवला आहे, त्याला हे लोक थ्रेड म्हणतात. फुली दाबली की त्या गड्याला 'आटप' म्हणायचं, तो हात धुऊन उठेपर्यंत थांबायचं आणि मग कापडाला हात लावायचा. तू काय करतोस? तू 'आटपा' म्हणतोस आणि त्याच दमात मांडव ओढतोस. गडी अजून मठ्ठा मागतोय आणि डोक्यावर छप्पर नाही, पायाखाली सतरंजी नाही.

मी विचारलं, मग अपडेटच्या आधी हे का होत नव्हतं? प्लगइन तोच, गडीही तोच. भाच्यानं तुझ्या नव्या आवृत्तीबरोबर आलेला कागद दाखवला. त्यात नेहमीचं 'किरकोळ दोष दूर केले' होतंच, आणि खाली एक ओळ होती, प्रोग्रॅम आता अधिक जलद बंद होतो. तू पूर्वी निघताना रेंगाळायचास. चपला शोधायचास, दारात उभा राहून आणखी एक विषय काढायचास. तेवढ्यात गड्याचं जेवण उरकायचं. चूक तेव्हाही होती, फक्त तुझा आळस तिच्यावर पांघरूण घालत होता. मग कोणीतरी घड्याळ लावून बसलं, तुझी दोन सेकंदं वाचवली, आणि आमच्या आईला पोलीस चौकीत उभं केलं. दोन सेकंदं वाचवून तू कुठे जाणार होतास रे?

दोष सगळा तुझा नाही, हेही मान्य करतो. १९९७ साली विनॲम्प आला, त्याच्या काळापासून तुमच्या कुळात बाहेरच्या प्लगइनांना घरात घ्यायची रीत रूढ झाली. कोणी हौशीनं लिहायचं, कोणी दुसऱ्यानं लावायचं. मूळ लेखक पुढे संसाराला लागतो, प्लगइन तुमच्या ओसरीवर राहतो. पण घरात घेतलं की पाहुण्याची जबाबदारी यजमानावर येते.

मग शस्त्रक्रिया. माळ्यावरचं गाठोडं पुसलं नाही, फक्त त्याचं नाव बदललं, म्हणजे तुला ते दिसणार नाही आणि लागलं तर आम्हाला परत मिळेल. तू नवं कोरं गाठोडं बांधलंस आणि पहिल्यांदा शांतपणे गेलास. मग आठ प्लगइनांतले चार परत घातले, ठीक. उरलेल्यांतले दोन घातले, मेलास. त्यातला एक काढला, ठीक. खतावणीत फरक आला की आम्हीही असाच निम्मा निम्मा भाग जुळवत जायचो, त्यामुळे ही विद्या मला परकी वाटली नाही. खरखर काढणारा तो पाहुणा घराबाहेर गेला. आता तू नीट बंद होतोस, पाटी येत नाही.

तरी पत्र लिहितोयच, कारण माझं मूळ भांडण तुझ्या मरणाशी नाहीच. भाच्याकडून कळलं की मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी २०१२ साली तुमच्या जातीला एक उपदेश केला होता. त्याचा मथितार्थ असा, की अख्खी इमारत पाडायची आहे, तर तिच्यात केर काढत आणि फळे पुसत बसू नका. प्रोग्रॅम जाणारच असेल तर विंडोज त्याची सगळी जागा आपोआप परत घेते, त्यानं उगाच आवराआवर करायला जाऊन पाय घसरून पडू नये. आणि त्याच्याही आधी, २००३ साली, स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी 'क्रॅश-ओन्ली' सॉफ्टवेअर असा एक विचार मांडला. कोसळण्यातून सावरायची तयारी प्रोग्रॅमला ठेवावीच लागते, मग सभ्यपणे बंद होण्याची वेगळी वाट कशाला? बंद करणं म्हणजेच कोसळणं, सुरू करणं म्हणजेच सावरणं. वाचून आधी धक्का बसला, मग पटलं. वीज सांगून जात नाही. जो अचानक गेला तरी काही हरवत नाही, तोच खरा तयारीचा.

यात तसं नवीनही काही नाही. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली, ती नेमकी अशीच होती. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज गेली की आमचा टेप घसा बसल्यासारखा खाली खाली जाऊन थांबायचा. बुवांची तान अर्धवट. दोन तासांनी वीज आली की तान तिथूनच वर चढायची. कॅसेट काढून कपाटात ठेवा, वर्षानं लावा, शब्दही न चुकता तिथूनच सुरू. तिला काही 'सेव्ह' करावं लागत नसे. कुठे होतो ते तिच्या अंगावरच गुंडाळलेलं असायचं. आणि तू? लाखो गाणी पोटात घेऊन फिरतोस, पण 'विसाव्या मिनिटाला होतो' हे एक वाक्य तुला फुली दाबल्यावरच लिहायचं असतं.

तेव्हा मागणी एकच. मृत्युपत्र रोज कर, जमलं तर दर अर्ध्या मिनिटाला. आणि करताना जुन्या कागदावर खाडाखोड करू नकोस. शेजारी नवा कागद पूर्ण लिही आणि मग त्याला जुन्याचं नाव दे. मधेच गेलास तरी एक धड कागद मागे राहील. एवढं केलंस की मग दारात पड, अंगणात पड, तुझी मर्जी. आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. आई तुझी फुली दाबतानाही 'येते हं' म्हणते. तिचं उद्याचं येणं तू आज लिहून ठेवावंस, इतकंच.

बाकी क्षेम. पुढचं अपडेट आल्यास आधी कळवणे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
(माजी) मुख्य रोखपाल

ता. क. – प्लगइन काढल्यामुळे कॅसेटची जुनी खरखर परत आली आहे. काल सकाळी गाणं सुरू होताच आई सुरी खाली ठेवून गच्चीवर धावली आणि वाळत घातलेले सगळे कपडे काढून घेऊन आली. बाहेर कडक ऊन होतं.