आगामी महिन्याच्या ठळक कार्यक्रमांच्या संकलकास शहागडाहून अनावृत पत्र

श्रीमान संकलक,
आगामी महिन्याचे ठळक कार्यक्रम,
सरकारी दूरचित्रवाणी, यांचे सेवेशी,



आपले शुभनाव मला ठाऊक नाही. कारण दरमहा अखेरच्या आठवड्यात, कधी पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीतून तर कधी दोन कार्यक्रमांच्या मधल्या फुरसतीत, येत्या महिन्याच्या विशेष कार्यक्रमांची जी यादी आपण आम्हां प्रेक्षकांपुढे रुजू करता, तिच्या खाली कोणाची सही नसते. तहसील कचेरीत अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसास बिनसहीच्या कागदाविषयी उपजत आदर वाटतो, हे आपण समजून घ्यालच. सहीच्या कागदाला केव्हातरी कोणीतरी जाब विचारू शकते. बिनसहीचा कागद मात्र सर्व प्रकारच्या चौकशीच्या पलीकडे गेलेला असतो. अशा उच्च स्थानी विराजमान झालेल्या व्यक्तीस पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याची माफी असावी.

प्रथम पत्रलेखकाचा ठावठिकाणा. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, धुळे–सोलापूर महामार्ग जेथे गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात उतरतो, तेथे नदीच्या डाव्या तीरावर शहागड हे आमचे गाव आहे. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यांस ते एक पूल आणि पुलाअलीकडची चहाची हॉटेले एवढेच दिसते. त्यांपैकी एका हॉटेलात, पत्र्यावर दोन विटांच्या आधाराने तोललेल्या छत्रीच्या कृपेने, आपली यादी मी गेली कित्येक वर्षे नेमाने पाहत आलो आहे. मालकाचा हात वाहिनी बदलण्याच्या बटणाकडे गेला की मी आणखी एक चहा सांगतो आणि तेवढ्या अवधीत यादी पूर्ण होते.

यादीविषयी माझे मत विचाराल तर ती सर्वांगपरिपूर्ण आहे. जुलैत पंढरपूरची आषाढीची महापूजा, ऑगस्टात ध्वजवंदन, भाद्रपदात गणपती, ऑक्टोबरात गांधीजयंती, जानेवारीत संचलन, मे महिन्याच्या पहिल्या तारखेस महाराष्ट्र दिन, आणि मधल्या रिकाम्या जागांत सत्कार, सन्मान, पुरस्कार-वितरण व त्या पुरस्कार-वितरणाचे पुनःप्रक्षेपण, असा हा क्रम सूर्यचंद्राच्या गतीइतका अढळ असल्यामुळे पुढील दहा वर्षांच्या याद्या आपण आजच तयार करून दफ्तरी ठेवू शकाल. एक दुष्ट मनुष्य मला म्हणाला की हे काम ‘कालनिर्णय’ १९७३ पासून करीत आहे आणि वर पानामागे पाककृतीही देत आहे. त्याच्या म्हणण्याकडे आपण लक्ष देऊ नये. भिंतीवरचे पंचांग केवळ तिथी सांगते. त्या तिथीस कोणते मान्यवर उपस्थित राहणार आहेत हे सांगण्याचे सामर्थ्य त्यात कोठून येणार?

ही यादी आमच्यापर्यंत कोणत्या मार्गाने येते, याचा विचार मनात आला की माझा कारकुनी पिंड गहिवरून येतो. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १९७५ च्या ऑगस्टापासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा जो थोर प्रयोग झाला, त्यात शेजारचे आंध्र आणि कर्नाटक होते, ओरिसा, बिहार, मध्यप्रदेश, राजस्थान होते. महाराष्ट्राचे एकही खेडे नव्हते. आम्ही प्रयोगाच्या लायकीचेही नव्हतो की प्रयोगाच्या पलीकडे पोहोचलो होतो, याचा निवाडा मी इतिहासावर सोपवतो. त्यानंतर म्हैसमाळच्या डोंगरावर मनोरा उभा राहिला आणि आमच्या गावाला छपरावर चढण्याचा एक नवा व्यवसाय मिळाला. एक पोरगा वर अॅल्युमिनियमचा अँटेना धरून उभा, दुसरा अंगणात, तिसरा घरात पडद्यापुढे, घरातून आरोळी येई “मुंग्या! मुंग्या!”, अंगणातला ती वर पोहोचवी, वरचा अँटेना बोटभर फिरवी, मग “आलं, आलं... गेलं!” आणि हा पत्रव्यवहार अर्धा तास चाले. रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू होऊन लंका पेटली तरी आमच्याकडे ती मुंग्यांनी पेटवली की हनुमंताने, हे पुष्कळांना अखेरपर्यंत उमगले नाही.

आता जमिनीवरचे ते जुने प्रक्षेपण मोडीत निघाले आहे आणि आम्ही थेट आकाशाशी जोडलो गेलो आहोत. मुंबई केंद्रात, वरळीत, तयार झालेला मराठी शब्द प्रथम दिल्लीस जातो. तेथे तोडापूर येथील भूकेंद्रातून छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे रवाना होतो. आणि तितकेच अंतर खाली उतरून वरळीपासून चारशे किलोमीटरवरच्या शहागडात चहाच्या हॉटेलावर पोहोचतो. मराठी माणसाने मराठी माणसास काही सांगायचे झाल्यास ते दिल्लीमार्फतच, रीतसर, वरिष्ठांच्या नजरेखालून जावे, ही आपल्या राज्यकारभाराची जुनी रूढी विज्ञानानेही शिरोधार्य मानली, हे पाहून माझ्यासारख्या जुन्या नोकरास धन्यता वाटली.

या आकाशवाटेचा आणखी एक गुण आहे. ढग गडद होऊन पावसाची जोरदार सर आली की त्या लहरी वाटेतच क्षीण होतात आणि पडदा काळा पडतो. शहरातील प्रेक्षक अशा वेळी संतापतात. आम्ही मराठवाड्यातली माणसे मात्र हातातला कप खाली ठेवून बाहेर येतो. हवामानाच्या बातमीपत्रात हसतमुखाने वर्तवलेला पाऊस पुष्कळदा वर्तवण्यापुरताच असतो, पण चित्र गेले की पाऊस आला, हे भाकीत अद्याप एकदाही खोटे ठरलेले नाही. आपल्या यादीतील एखादा महत्त्वाचा सत्कार-सोहळा अशा रीतीने बुडाला, तर त्याबद्दल इकडून तक्रार येत नाही याचा अर्थ आम्हांस आपल्याविषयी अनास्था आहे असा कृपया घेऊ नये.

ही छत्री फुकट आहे, म्हणजे दरमहाचे भाडे नाही, हेही कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. एके काळी संच बाळगण्यासाठी पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत. ती पद्धत १९८५ च्या सुमारास उठली. २००४ च्या डिसेंबरात ही बिनभाड्याची योजना आली तेव्हा तीवर ३३ वाहिन्या होत्या. पुढे तेथील जागा लिलावाने खाजगी वाहिन्यांना दिल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्याकडून कोट्यवधींचा महसूल येऊ लागला. त्यामुळे आज आमच्या हॉटेलात सरकारच्या छत्रीतून दिवसभर जे उतरते ते बहुतांशी हिंदीत भाषांतरित झालेले दाक्षिणात्य हाणामारीचे चित्रपट असतात. दर्शनी खोल्या भाडेकरूंना देऊन वाड्याच्या मालकाने मागील पडवीत राहावे आणि आल्यागेल्यास आपल्या घराण्याचा मोठेपणा सांगावा, तशी आपली स्थिती झाली आहे. भाडे वेळेवर येते, हा भाग निराळा.

शेतकऱ्यांसाठी तर आपण स्वतंत्र वाहिनीच दिली आहे. २६ मे २०१५ रोजी ती सुरू झाली आणि बरोबर नऊ वर्षांनी, २६ मे २०२४ रोजी, तीवर कृश व भूमी नावाचे दोन कृत्रिम बुद्धीचे निवेदक अवतरले. देशी-परदेशी मिळून पन्नास भाषा बोलणारे, न थकणारे, रजा न मागणारे, चिखलात पाय न घालणारे असे हे जोडपे ठळक कार्यक्रमांच्या यादीस सर्वस्वी शोभणारे आहे. माझी एवढीच विज्ञापना आहे की त्यांना एकदा आमच्या बाजूच्या मोसंबीच्या बागेत पाठवावे. झाडाला ताण किती दिवस द्यावा, आंबे बहार धरावा की मृग, विहिरीला एप्रिलात पाणी राहील की नाही, फळगळ सुरू झाली तर ती किडीने झाली की खताने, आणि खोडावर डिंक्या दिसला की आधी काय करावे, या प्रश्नांची उत्तरे बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रातील आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातील जिवंत माणसे आमच्या भाषेत देऊ शकतात; परंतु ती माणसे एकच भाषा बोलतात, हा त्यांचा दोष आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मोसंबीच्या बागा २०१२–१३ च्या दुष्काळात उभ्या वाळल्या, आणि पंधरा-पंधरा वर्षे पोसलेली झाडे लोकांनी कुऱ्हाडीने तोडून सरपणाच्या भावाने विकली. कृत्रिम निवेदकांस वाळलेल्या झाडाकडे पाहून काय वाटते, हे ऐकण्यास आम्ही पन्नासांपैकी कोणत्याही भाषेत उत्सुक आहोत.

येथे थोडे सरळ बोलण्याची परवानगी असावी. सरकारी दूरचित्रवाणीने आमच्यावर जे खरे उपकार केले, ते कधीही आपल्या यादीत आले नाहीत. ‘आमची माती, आमची माणसं’ लागले की गडी हातातले काम टाकून दाराशी येऊन उभा राही. त्यात विशेष असे काही नसे, एक शेतकरी आणि एक शास्त्रज्ञ बांधावर उभे राहून बोलत. सातच्या बातम्या प्रदीप भिडे वाचत तेव्हा त्यांच्या स्वरावरून वार्तेचे वजन कळे. पडद्यावर चार माणसे चार चौकोनांत एकमेकांवर ओरडत नसत. या गोष्टी रोज किंवा दर आठवड्याला, निमूटपणे, कोणाचाही सत्कार न करता होत, आणि विकत घेणारा कोणी नसतानाही त्या होत, एवढ्याचसाठी तर लोकांच्या पैशाने चालणारी वाहिनी असावी लागते. शोभेचे कार्यक्रम खाजगी वाहिन्या आपल्यापेक्षा अधिक दिव्यांनी करतात. त्या स्पर्धेत आपण जिंकणार नाही, आणि जिंकलात तरी आम्हांस त्याचा उपयोग नाही.

यादीत न मावणाऱ्या गोष्टी मोठ्या असतात, याचा अनुभव आमच्या टापूला अलीकडेच आला. शेजारचे अंतरवाली सराटी हे नाव २०२३ च्या ऑगस्टापर्यंत कोणत्याही वाहिनीच्या आगामी कार्यक्रमांत नव्हते. १ सप्टेंबरला तेथे आरक्षणासाठी उपोषणास बसलेल्यांवर लाठीमार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या रस्त्यावर छत्र्या लावलेल्या इतक्या मोटारी आल्या की हॉटेलवाल्याला दूध पुरेना. गाड्या आल्या, तशा गेल्या. त्या गावात त्याआधी काय होते आणि त्यानंतर काय राहिले, हे सावकाश, आवाज न चढवता पाहणारा कोणीतरी असावयास हवा होता. ते काम ज्याला जाहिरातदाराची भीती नाही त्याचेच.

ऐतिहासिक विषयांचा तुटवडा असेल तर तोही आम्ही भागवू. नदीपलीकडे गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याने निजामाच्या फौजेचा मोड केला. निजाम स्वतः अर्धे लष्कर घेऊन गोदावरी उतरून अलीकडे आलेला, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह पलीकडे अडकलेला आणि मध्ये श्रावणातली भरलेली नदी; दिवाण रणात पडला आणि धनी पैलतीरावरून काही करू शकला नाही. पानिपताच्या पराभवावर दरवर्षी चर्चासत्र होते. अवघ्या अडीच वर्षांनी मिळालेल्या या विजयाला अर्ध्या तासाचा वेळ मिळू नये, यामागे मराठी मनाची एखादी खोल वृत्ती असेलही, पण ती शोधण्यास मजजवळ वेळ नाही.

मला काळजी आहे ती त्या नदीच्याच आजच्या पाण्याची. आमच्या वर पैठणला जायकवाडीचे धरण आहे. शास्त्रीजींनी १९६५ साली त्याची कोनशिला बसवली, १९७६ साली इंदिराजींनी ते राष्ट्रास अर्पण केले. त्याला २७ दरवाजे आहेत. ते किती वाजता, किती फूट उचलले आणि नदीत किती क्युसेक पाणी सुटले, या दोन-तीन आकड्यांवर पैठण, अंबड आणि गेवराई तालुक्यांतील काठच्या गावांची झोप अवलंबून असते. ऑगस्ट २००६ च्या पुरात या भागाने ते भोगले आहे. हे आकडे आज आम्हांस भ्रमणध्वनीवरून मिळतात, एक खरा असतो आणि त्याच्यामागून चार अफवा येतात, आणि रात्री बारा वाजता कोणता खरा धरून गुरे सोडावी हे ठरवताना म्हाताऱ्या माणसाचे हात कापतात.

म्हणून या पत्राद्वारे मागणे एवढेच आहे. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत रोज, सातच्या बातम्या सुरू होण्यापूर्वी, जायकवाडीच्या नाथसागर जलाशयातील साठा आणि नदीत सोडलेले पाणी हे दोन आकडे एका माणसाने, अधिकृत म्हणून, स्वच्छ मराठीत वाचून दाखवावेत. पार्श्वसंगीत नको, मान्यवर नकोत. ठळक कार्यक्रमांच्या यादीत त्याचा उल्लेख केला नाही तरी आमची हरकत नाही. विसर्ग वाढवला असेल त्या दिवशी तेवढे पुन्हा रात्री दहालाही वाचावे.



आपला नियमित प्रेक्षक,
मु. पो. शहागड, ता. अंबड, जि. जालना