काका, वजा करा

माझे भाऊजी गिरगावात खेतवाडीत राहतात. सलीम अलींचं लहानपण खेतवाडीत गेलं, हे त्यांनी निवृत्तीनंतर कुठेतरी वाचलं आणि पक्षिनिरीक्षण हा आपल्या गल्लीचाच वारसा आहे, असं ठरवून टाकलं. सलीम अलींनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं चिमणी पाडली होती. भाऊजींनी 600 मिलिमीटरची लेन्स घेतली. तेवढ्या पैशांत स्वयंपाकघराच्या फरशा बदलून झाल्या असत्या, असं ताईचं मत आहे. पण जावई हा दशमग्रह, त्यामुळे माहेरच्या माणसांनी मध्ये बोलायचं नसतं. मेहुण्यानं फक्त ट्रायपॉड उचलायचा.

थंडीत मुंबईत येणारे पाणपक्षी फोटोवाल्याला छळायलाच रंगवलेले असतात. चौपाटीवरचे कुरव पांढरे, त्यात हिवाळ्यात डोक्याचा गडद रंगही गेलेला, कानामागे उरतो तो एक ठिपका. शिवडीचा शेकाट्या अंगानं पांढराशुभ्र आणि पंखांनी काळाकुळकुळीत. वर मुंबईचं ऊन, जे जानेवारीतही सकाळी दहानंतर ओळख ठेवत नाही. या सगळ्यात कॅमेऱ्याची समजूत अशी, की जग सरासरीनं करडं आहे. अठरा टक्के करडं. समोर काळा चिखल जास्त दिसला की तो सगळं उजळवतो, आणि त्या चिखलातला पांढरा बगळा जळून जातो. समोर चकाकतं पाणी दिसलं की तो सगळं काळवंडवतो, आणि पाण्यातल्या पाणकावळ्याचा कोळसा होतो. म्हणून चिखलातल्या पांढऱ्याला एक्स्पोजर वजा करायचं आणि चकाकत्या पाण्यातल्या काळ्याला अधिक. भाऊजींची हयात बँकेत गेलेली, त्यामुळे जमा आणि वजा एवढाच भाग त्यांना मनापासून पटला. कुठल्याला काय, ते राहिलं.

त्या दिवशी संकष्टी होती आणि भाऊजींना उपास. सकाळी गिरगाव चौपाटीवर गेलो. मलबार हिलकडे तोंड केलं की सूर्य पाठीशी येतो, जागा उत्तम. एक आजोबा पिशवीतून गाठिया उधळत होते आणि वर कुरवांचा कल्लोळ चालला होता. भाऊजी अंगावर पानाफुलांच्या छापाचं शिकारी जाकीट घालून वाळूत उभे होते. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून घेतलेलं हे जाकीट अख्ख्या चौपाटीवर सगळ्यात आधी दिसत होतं. भेळवाल्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, सिरियलचं शूटिंग आहे का?"

भाऊजींनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. मग पडदा माझ्यापुढे धरला. प्रत्येक कुरव पडद्यावर लुकलुकत होता.

"बघ," भाऊजी म्हणाले, "फोकस बरोबर लागला की कॅमेरा स्वतःच खूण करतो."

ती खूण जळल्याची होती. जिथं उजेड इतका झाला की पिसाची एक रेघ उरली नाही, तो भाग कॅमेरा लुकलुकवून दाखवतो. पण भाऊजींना हे सरळ सांगायचं कसं? मी आमच्या घराण्याच्या रीतीनं विचारलं, "भाऊजी, तुम्ही मागे काय म्हणाला होता हो, पांढऱ्याला वजा की अधिक?"

"पांढऱ्याला अधिक," भाऊजी ठामपणे म्हणाले. "पांढरं आहे ना ते!" आणि त्यांनी अधिक केलं. पुढच्या फोटोंत कुरवही नव्हते आणि मलबार हिलही नव्हती.

चर्नी रोडहून गाडी धरून दादरला उतरलो. तिथल्या प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा खाल्ल्यावर उपासाला बळ आलं. दुपारी शिवडी गाठायची होती आणि तिथली वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती ठरवते. मुंबईच्या किनाऱ्याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास. ओहोटीला शिवडीचे पक्षी पार लांब जातात. पाणी चढू लागलं की चिखल आक्रसतो आणि ते काठाकडे ढकलले जातात. त्यातून शिवडीचा किनारा पूर्वेला तोंड करून. सकाळी गेलात तर सूर्य डोळ्यांत आणि रोहित पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या. दुपार उलटली की तोच सूर्य पाठीशी येतो. संकष्टीचा बेत असा सगळ्या बाजूंनी जमला होता. चंद्रोदयाला मात्र अजून बराच अवकाश होता.

टॅक्सी परळवरून, टाटा हॉस्पिटलपाशी वळून शिवडीत शिरली. स्टेशनच्या पूर्वेला गोदामं, ट्रकांच्या रांगा, धूळ. धक्क्यावर लाकडी होड्यांच्या दुरुस्तीची ठोकाठोक. डोक्यावर अटल सेतू: 21.8 किलोमीटर, उद्घाटन 12 जानेवारी 2024ला, आणि सुरुवात इथूनच. गोदाम करडं, रस्ता करडा, चिखल करडा. कॅमेऱ्याला अखेर त्याच्या मनातलं जग सापडलं होतं. त्या जगात हिरवं काही असेल तर कडेची तिवरं आणि भाऊजींचं जाकीट.

दूरवर रोहितांची गुलाबी पट्टी दिसत होती. भाऊजींनी लेन्स लावली. पण तापलेल्या चिखलावरून हवा थरथरत होती आणि रोहित गुडघ्यापासून वितळताना दिसत होते. पंधरा मिनिटं फोकसची झटापट झाली. तेवढ्यात समोरच्या चिखलातून एक ढोकरी उडाली. बसलेली असताना मातीच्या रंगाची, उडाल्यावर पांढरीफटक. कॅमेऱ्यात तीही लुकलुकली.

शेजारी लालबागची एक मुलगी जुना कॅमेरा आणि बेताची लेन्स घेऊन बसली होती. तिनं हे पाहिलं. तिला आमच्या घराण्याच्या रीती माहीत नव्हत्या.

"काका, जळलं ते. वजा करा."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी अटल सेतूकडे पाहिलं.

"आणि वजा-अधिक तरी कशाला," ती पुढे म्हणाली. "ऊन तेच आहे, पक्षी तोच आहे. मागचा चिखल जाऊन पाणी आलं म्हणून पक्ष्याचा रंग बदलतो का? मग कॅमेऱ्याला दर वेळी काय विचारायचं? एमवर, म्हणजे मॅन्युअलवर टाका. आयएसओ 400, एफ 8, शटर 1/3200. ऊन बदललं तरच हात लावा."

हिशेब जुना आहे. लख्ख उन्हात एफ 16 ठेवलं तर शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे 400 ला 1/400. एफ 8 केलं की ते 1/1600 होतं. पांढऱ्या पक्ष्यासाठी त्याच्याही निम्मा उजेड, म्हणून 1/3200. काळं थोडं दबतं, पण रॉ फाइल असेल तर नंतर वर काढता येतं. जळलेलं पांढरं कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.

दोनच्या पुढे पाणी चढलं आणि शेकाटे धक्क्यापाशी आले. एक तर इतका जवळ, की लेन्समध्ये मावेना. गुलाबी काडीसारखा पाय अलगद उचलायचा, मागे दुमडायचा, पुन्हा आवाज न करता पाण्यात ठेवायचा. लाल डोळा, सुईसारखी चोच. भाऊजींनी सगळे आकडे निमूटपणे लावले. फोटोत मानेची पांढरी पिसं एकेक मोजता येत होती आणि काळ्या पंखावर हिरवट झाक उतरली होती. काहीही लुकलुकत नव्हतं.

"खूण नाही आली," भाऊजी जरा नाराजीनं म्हणाले, "पण बरा आलाय."

तीनच्या सुमारास चिखल बुडाला, पक्षी उठून गेले आणि आम्हीही.

तुम्हाला जायचं असेल तर आधी कॅलेंडरात तिथी बघा. चतुर्थी-पंचमी गाठा आणि पूर्ण भरतीच्या दोन तास आधी शिवडीच्या धक्क्यावर पोहोचा. कुरवांसाठी सकाळची चौपाटी पुरते, पण गाठियाची पिशवी घरीच ठेवा. फरसाण हे कुरवांचं अन्न नव्हे, आणि फोटो त्यावाचूनही येतात.