मासवडीत मासा नसतो

गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या एका खाद्य-वाइन महोत्सवात मी काचेचा पेला धरून उभा होतो, दर्शनाला येऊन चुकून लग्नाच्या वऱ्हाडात शिरलेल्या माणसासारखा. पेल्याच्या तळाशी वाइन एवढीशी, की तिच्यापुढे तीर्थ देणाऱ्या पुजाऱ्याचा हातही सढळ वाटावा. समोरची मुलगी मायेनं रीत समजावत होती. पेला गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायचा. आमच्या जुन्नरकडे याला चूळ भरणं म्हणतात. त्याला तिकीट लावत नाहीत.

“यात चेरी आहे, थोडा जर्दाळू, मागाहून लाकूड,” ती म्हणाली. मी भाबडेपणानं विचारलं, “चेरी घालतात कधी?” ती हसली. घालत नाहीत, नुसती जाणवते. मला एकदम हायसं वाटलं, कारण हा प्रकार ओळखीचा निघाला. माझं आजोळ मंचरचं, आणि तिकडची मासवडी अशीच. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर खोबरं, तीळ, खसखस, लसणाचं सारण पसरून वळकटी करायची, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्श्यासोबत बाजरीच्या भाकरीशी खायच्या. मासा म्हणाल तर नावापुरता. माझी माळकरी आजी आयुष्यभर मासवड्या खात आली आणि मासळीच्या वाटेला कधी गेली नाही. खुद्द मंचरच्या आंबेगाव तालुक्याचं तरी काय वेगळं आहे? ज्या गावाचं नाव तो लावतो ते डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, कचेऱ्या घोडेगावात, आणि आंबेगाव उरलं ते असं, वाइनमधल्या चेरीसारखं.

तसं आम्हाला वाइनचं फार अप्रूप नसावं. नाणेघाटातून व्यापारी जुन्नरला चढून येत होते त्या काळात समुद्रापलीकडची वाइन आपल्या पश्चिम किनाऱ्याला उतरत असे. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या एका यवनानं संघाला भोजनमंडप दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. परमुलखातल्या माणसानं इथं दान द्यावं तर कशाचं, चार जणांनी मिळून जेवायच्या जागेचं! महोत्सवाच्या तंबूत मला त्याची फार आठवण आली. त्यानं निदान तिकीट ठेवलं नव्हतं. पुढे १९८०च्या दशकात गलबत उलटं फिरलं. नारायणगावची फेसाळ वाइन ‘ओमर खय्याम’ हे नाव लावून परदेशी निघाली. कवी फारशी, रीत फ्रेंच, आणि मुक्काम पोस्ट नारायणगाव, जिथं जत्रांच्या हंगामाआधी गावोगावची माणसं राहुट्यांतून तमाशाच्या सुपाऱ्या द्यायला येतात.

“तुम्हाला कसला वास येतोय?” मुलीनं विचारलं. मी डोळे मिटून नाक पेल्यात घातलं आणि आमच्या द्राक्षबागेत पोचलो. ऑक्टोबरातल्या छाटणीला आमच्याकडे ‘गोडी छाटणी’ म्हणतात. कात्री चालवायच्या कामाला इतकं लाडकं नाव दुसऱ्या कुणी दिलं असेल असं वाटत नाही. पण त्या गोडीमागून धास्ती यायची. हवा ढगाळली, की भुरीच्या भयानं वडील मांडवाखाली गंधक धुरळत फिरायचे.

“गंधक,” मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. वाइनला गंधकाचा वास म्हणजे दोष. तिनं पेला हुंगला, बाटली हुंगली, सहकाऱ्याला बोलावून त्याच्याकडून हुंगवली. कुणाला काही लागेना. कसं लागणार? तो वास वडिलांच्या खाकी सदऱ्याचा होता, जो आई वेगळ्या बादलीत भिजवायची. सदरा नाही, बाग नाही, वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

“टाका सर, दुसरी देते,” तिनं अदबीनं ते थुंकायचं भांडं पुढे केलं.

मी पेल्यातला घोट गिळून टाकला.