मोकळी जागा मोकळी नसते

मनोरीच्या एका अंगणात परवा मिरच्या वाळत घातल्या होत्या. चार चटया, तीन जातींच्या मिरच्या, कडेला धुऊन उपड्या ठेवलेल्या तपकिरी बाटल्या. मोजपट्टी घेऊन आलेला एक गृहस्थ चटयांमधून पाय टाकत पलीकडे गेला, कुंपणापर्यंतचं माप घेतलं आणि घरच्या मावशींना म्हणाला, "एवढी मोकळी जागा नुसती पडून आहे."

मावशी काही बोलल्या नाहीत. वाकल्या आणि त्याच्या बुटाने सरकलेल्या मिरच्या पुन्हा पसरल्या.

त्या बोलल्या नाहीत म्हणून मी बोलते. ती जागा पडून नव्हती. मार्च ते मे या तीन महिन्यांत त्या घरातली सगळ्यात जास्त राबणारी जागा तीच. रोजचा स्वयंपाक आत होतो, वर्षाचा स्वयंपाक अंगणात होतो.

मनोरी मुंबईतच आहे, हे अजूनही सांगावं लागतं. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीत बसलं की काही मिनिटांत खाडीपार. रस्त्यानेच जायचं तर भाईंदर, उत्तन, गोराई असा लांबचा वळसा. या किनाऱ्यावर कोळी आहेत, भंडारी आहेत, आणि ईस्ट इंडियन म्हणवणारे ख्रिस्ती आहेत. ईस्ट इंडियन हे नाव १८८७ सालचं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतलेलं. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपली ओळख वेगळी राहावी, हा त्यामागचा हेतू. नाव इंग्रजी, माणसं इथलीच, घरातली बोली मराठी. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली, त्याच्या कितीतरी आधीपासून यांचे पूर्वज याच जमिनीत भात लावत होते आणि याच खाडीत जाळी टाकत होते. आपण मराठी माणसं वसंतातल्या खाण्याबद्दल लिहायला बसलो की कैरीची डाळ, पन्हं, चैत्रगौरीचं हळदीकुंकू यांपाशी पोचतो आणि तिथेच थांबतो. खाडी ओलांडत नाही. ओलांडायला हवी.

तर अंगणात वाळणाऱ्या त्या मिरच्यांचा मसाला. बाटलीत भरतात म्हणून बाटली मसाला. मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, मोहरी, मिरी, दालचिनी, लवंग, वेलची, जायपत्री, नागकेशर, दगडफूल, तिरफळ, कबाबचिनी, शिवाय गहू आणि चणाडाळ. यादी घरागणिक बदलते, वीसच्या खाली क्वचित येते आणि तिशीपर्यंत जाते. यादी कोणीही सांगेल. प्रमाण सांगणार नाही. ते सुनेला मिळतं, तेही लग्नानंतर एकदोन उन्हाळे उखळापाशी काढल्यावर.

मिरच्यांना दोन-तीन दिवस कडक ऊन लागतं. झाल्या की नाही हे कानाने ठरतं. मूठभर उचलायच्या आणि हलवायच्या. बिया खुळखुळल्या पाहिजेत, देठ कट्कन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर आणखी एक ऊन. मग खापरीत भाजणं, चुलीवर, मंद आचेवर, प्रत्येक जिन्नस वेगळा. धण्यांना वेळ लागतो, तीळ क्षणात करपतात, त्यामुळे एकत्र टाकून उरकता येत नाही. मग उखळ. तीन बाया, तीन मुसळं, उखळ एक. एकीचं मुसळ वर जाताना दुसरीचं खाली येतं, तिसरीचं मध्ये असतं. त्या लयीला गाणं लागतं, कारण गाणं चुकलं तर मुसळ चुकेल. कुटलेलं कापडातून चाळायचं, वर राहिलेलं पुन्हा उखळात. शेवटी बाटली. थोडा मसाला घालायचा, काठीने ठासायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा ठासायचा. ठासल्याने आत हवा राहत नाही, तपकिरी काचेमुळे उजेड लागत नाही, आणि लाल रंग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतो.

आता हे सातव्या मजल्यावर करून दाखवा.

मी केलं आहे. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये पाव किलो मिरची भाजायला घेतली आणि पाच मिनिटांत शेजारच्या आजोबांना खोकल्याची अशी उबळ आली की गॅस बंद करून मी धावत त्यांच्या दारात गेले. त्यांनी मला समजून घेतलं, पण त्या दिवशी एक गोष्ट कायमची कळली. काही पदार्थांना आकाश लागतं. भाजण्याचा धूर वर जायला, खकाणा वाऱ्यावर उडून जायला, मुसळाचा दणका जमिनीत जिरायला. मिक्सर कुटत नाही, कापतो आणि तापवतो. चवीतला हा फरक ज्याच्या जिभेला कळतो त्याला अंगण का हवं ते वेगळं समजवावं लागत नाही.

आणि हे सगळं पावसाआधी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग आगोट भरून ठेवायला हवी. सुके बोंबील, जवळा, लोणचं, मसाला. खाडीकाठची हवा मेअखेरीस इतकी दमट होते की उशिरा वाळवलेली मिरची आतून ओली राहते आणि बाटलीत बुरसते. म्हणून घाई. म्हणून त्या चटयांवरून बूट गेला की जीव कळवळतो.

या घाईतच सणही येतात. आपल्या सणांचा चंद्र आणि ईस्ट इंडियनांच्या सणांचा चंद्र वेगळा आहे, असं समजणाऱ्यांनी एकदा पंचांग उघडावं. ईस्टर म्हणजे वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार. २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या बाहेर तो जात नाही. म्हणजे ती पौर्णिमा बहुधा एकतर फाल्गुनातली असते नाहीतर चैत्रातली. २०२४ साली होळीची पौर्णिमा झाली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, ३१ मार्चला ईस्टर आला. २०२५ साली १२ एप्रिलला हनुमान जयंती झाली आणि २० एप्रिलला ईस्टर. एकाच चंद्रावर एका गल्लीत नारळ फुटतो आणि दुसऱ्या गल्लीत फुगे तळले जातात.

फुग्यांबद्दल थोडं सावकाश सांगते, कारण ते खाल्लेले बरेच आहेत आणि करताना पाहिलेले थोडे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, आणि पीठ फुगवायला जुन्या घरांत ताडी. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी. शहरात दोन्हींना एकच नाव पडलं आहे, पण भंडाऱ्याच्या घरात असं बोललात तर लगेच दुरुस्त करतील. झाडाच्या कोवळ्या पोयीला काप देऊन मडकं बांधायचं, रस थेंबाथेंबाने जमतो. पहाटे उतरवलेला गोड असतो, ऊन चढतं तसा आंबतो, आणि तो आंबवणारा जीवच पिठात जाऊन पीठ वर आणतो. पीठ चांगलं फसफसलं की ते मुठीत घ्यायचं, आंगठा आणि तर्जनीमधून लिंबाएवढा गोळा वर येऊ द्यायचा, दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटांनी खुडून तेलात सोडायचा. झाऱ्याने वर तेल उडवत राहायचं. क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम चेंडू होतो. उपवासकाळाचे चाळीस दिवस मांसाला हात न लावलेल्या घरात, ईस्टरच्या सकाळी, सरपटेल नाहीतर इंडियालच्या मांसाच्या कालवणात बुडवलेला तो पहिला फुगा ज्याने खाल्ला आहे त्याच्यापुढे मी चवीचं वर्णन करणार नाही.

आता यीस्टची पुडी मिळते. फुगे तिनेही फुगतात. ताडीचा आंबूस वास येत नाही, एवढंच. पण पुडी का आली याचं उत्तर बाजारात नाही, वाडीत आहे. वाडी विकली, ताड तुटला, चढणारा भंडारी दुसऱ्या कामाला गेला. झाड होतं तेव्हा उन्हाळ्यात ताडगोळे होते, झावळ्या होत्या, सावलीत अळू होतं, विहिरीच्या पन्हाळीवर भेंडी, वांगी, दुधी होता. लोणवासाच्या कालवणात पडणारा दुधी अंगणापासून वीस पावलांवर होता. आज आमच्याकडे बोरिवलीत बाल्कनीत पिशवीत लावलेल्या चार मिरचीच्या रोपांचे फोटो काढतात आणि त्याला किचन गार्डन म्हणतात. लावा, जरूर लावा. पण शहराची खरीखुरी परसबाग खाडीपलीकडे अजून जिवंत असताना तिच्याकडे पाठ फिरवून बाल्कनीचं कौतुक करणं मला पटत नाही.

उपवासकाळात लग्नं होत नाहीत. म्हणून ईस्टर उलटला की मनोरीत मांडव पडायला लागतात, आणि मांडवही अंगणातच पडतो. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी. लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेल्या बाया, डोक्यावर मडकी, पुढे बाजा, आणि वरात विहिरीवर. तिथून आणलेल्या पाण्याने नवरानवरीला न्हाऊ घालायचं. नावातच झाड आहे. उंबराखाली पाणी असतं हे आपल्याकडे शेतकऱ्याला ठाऊक, भटजीला ठाऊक, आणि पाद्रीबाबांपुढे आशीर्वाद घेणाऱ्या या नवऱ्यामुलीच्या आजीलाही ठाऊक. धर्म बदलून शतकं झाली, उंबर बदलला नाही.

पण विहीर? शहराकडच्या एका गावठाणात मी हा सोहळा पाहिला. विहिरीवर स्लॅब टाकलेला. बाजा वाजत होता, बाया नाचत होत्या, आणि मडकी भरली ती निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपातून. कोणी तक्रार केली नाही. म्हातारीने मात्र पिंपात हात घालून पाणी चाखलं आणि तोंड फिरवलं.

समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प मनोरीतच योजला आहे, सुरुवातीला दिवसाला २०० दशलक्ष लिटर, पुढे दुप्पट. शहराला पाणी लागतं, मला मान्य आहे. मग ज्या गावाच्या किनाऱ्यावरून शहर पाणी पिणार, त्या गावाच्या जुन्या गोड्या विहिरी उपसून, साफ करून, नोंदवून ठेवायला किती खर्च येईल? आणि गोडं काढून घेतल्यावर उरलेलं जादा खारं पाणी कुठे सोडणार, हे जाळी टाकणाऱ्याला आधी सांगा, नंतर नको.

शनिवार-रविवारी येणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. तुम्ही येता, मासे खाता, बाटली मसाल्याची एखादी बाटली विकत घेता. घ्या, ते पैसे बहुतेकदा बाईच्या हातात पडतात आणि पडायला हवेत. पण गाडी लावताना बघा, ती कोणाच्या वाळवणावर उभी आहे. मे महिन्यात गावातल्या क्रुसांना रंग लागतो, संध्याकाळी गल्लीत बसून प्रार्थना होते, नंतर उकडलेले चणे वाटतात. हॉर्न वाजवू नका. थांबा. चणे तुम्हालाही मिळतील.

आणि गावातल्या घरांनाही सांगते, कारण सगळा दोष बाहेरच्यांवर टाकणं सोपं आहे. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवू नका. ब्लॉक बसले की गाडी येते, गाडी आली की चटई जाते, चटई गेली की वरच्या मजल्याचा जिना तिथूनच निघतो. मुलगा म्हणतो, आता कोण मसाला कुटतो. त्याला कुटायला बसवा एकदा. मनोरीत ईस्ट इंडियन लोकांचं संग्रहालय आहे, जुन्या वस्तू जपून ठेवलेल्या आहेत, मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे. पण उखळ काचेमागे गेलं की ते हाताला लागत नाही. जी उखळं अजून अंगणात आहेत ती अंगणातच राहू द्या.

कागदावर या जागेला नाव नाही, ही खरी अडचण आहे. घराला नाव आहे, रस्त्याला आहे, अंगण म्हणजे दोन्हींच्या मधली शिल्लक. मोजणीच्या नकाशात 'वापर' या सदराखाली काय लिहावं, हे मला विचाराल तर असं लिहा: फेब्रुवारीत बोंबील, मार्चमध्ये जवळा आणि झावळ्या, एप्रिलमध्ये मिरची, मेमध्ये मांडव, जूनला पागोळ्या, त्यानंतर भाताच्या रोपांची जुडी टेकवायला जागा. यातली एकही ओळ खोटी नाही. मग सांगा, हिला मोकळी कोण म्हणतं.

निघताना मावशींनी गेल्या वर्षीची अर्धी बाटली कागदात गुंडाळून दिली. मी सहज उलटी करून बघितली. मसाला हललासुद्धा नाही. काडीने टोकरूनच काढावा लागतो, वर्ष झालं तरी. "नवा कधी भरणार, मावशी?" मी विचारलं.

त्यांनी खालून एक मिरची उचलली, कानाशी नेऊन हलवली.

"अजून एक ऊन," त्या म्हणाल्या. "आन् बाय, तो टेपवाला भेटला तं त्याला सांग. मे सरंपर्यंत इथं पायतान घालून यायचं नाय."