सर्वगुणसंपन्न भिंग पाहिजे

आंबिवलीला कसारा लोकल आली की दारातल्या माणसाला हातातली पिशवी बदलता येत नाही, लेन्स कुठली बदलणार? त्यात मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो. लेन्स काढली की सेन्सर बहुधा उघडाच. त्यावर धुळीचा कण बसला की प्रत्येक फोटोत आभाळाला तीळ.

म्हणून इथला हौशी छायाचित्रकार एकच भिंग शोधतो, तेही स्थळ बघावं तसं. जवळचं पाहणारं, लांबचं हेरणारं, अंगानं सडपातळ, अंधाराला न भिणारं आणि देण्याघेण्याला माफक.

निकॉनचं २४-२०० मिमी अवघं ५७० ग्रॅमचं. पण लांबच्या टोकाला एफ ६.३, म्हणजे एफ २.८ च्या जेमतेम पंचमांश उजेड. अंगारकीच्या संध्याकाळी टिटवाळ्याच्या रांगेत हा हिशेब बरोबर कळतो. कॅननच्या २४-२४० चे २४ ला कोपरे काळे. ते सॉफ्टवेअर सारवून घेतं, पत्रिकेतला मंगळ शांत करावा तसं. टॅमरॉनचं २८-२०० सुरुवातीला २.८ देतं, पण त्याला सोनीचं घराणं लागतं. शिवाय २८ मध्ये अख्खा धबधबा बसवायला चार पावलं मागे सरकावं लागतं, आणि माळशेज घाटात मागे एसटी असते.

तीन महिन्यांनी टॅमरॉनचीच खरेदी झाली. पहिला रविवार माळशेजचा. धुकं असं की २८ आणि २०० सारखेच पांढरे. धबधब्याखालचा घरच्यांचा फोटो पुतणीनं मोबाइलवर काढला. भिंग तेवढा वेळ टॉवेलात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत.