शर्यत जवळून पाहण्यासाठी स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्या अर्जदारास खुले पत्र

माननीय अर्जदार यांस,



पत्रास कारण की, फ्रान्समधील रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत सुरक्षा पथकाचा स्वयंसेवक म्हणून उभे राहण्याची इच्छा अर्जदाराने कळवली असून ‘शर्यत अगदी जवळून पाहता यावी’ असा हेतूही निःसंकोचपणे नोंदवला आहे. इतका प्रामाणिक हेतू सहसा ‘समाजसेवा’ या शब्दाखाली झाकून पाठवला जातो, त्यामुळे अर्जदाराचे अभिनंदन करणे प्राप्तच आहे. मात्र ज्या कामात पाहण्यावरच निर्बंध आहे, ते काम पाहण्याच्या हौसेने मागितले जावे, यातील गंमत त्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

या स्वयंसेवकाला फ्रेंच भाषेत ‘सिन्यालर’, म्हणजे इशारा देणारा, असे म्हणतात. तेथील क्रीडानियमांनुसार तो सज्ञान असावा लागतो, त्याच्या अंगात लांबून दिसणारे भडक जाकीट असावे लागते, आणि त्याच्या हाती दांड्यावर बसवलेली, एका बाजूने हिरवी व दुसऱ्या बाजूने लाल अशी ‘के-१०’ नावाची चकती दिली जाते. शिवाय त्याच्याजवळ वाहन चालवण्याचा परवाना असावा, अशीही अट आहे. दिवसभर एका जागी उभे राहणाऱ्याला परवाना कशाला, असा प्रश्न अर्जदाराला पडणे स्वाभाविक असले, तरी ज्याने इतरांची वाहने थांबवायची त्याला रस्त्याचे नियम ठाऊक असावेत, एवढी माफक अपेक्षा त्यामागे आहे. अधिकारांची यादी त्याहून माफक आहे. शर्यतीला रस्त्यावर अग्रहक्क असल्याचे इतरांना कळवावे, आणि कोणी ऐकले नाही तर ते पोलिसांना सांगावे, इतकेच सिन्यालरच्या हाती असते. तो दंड करू शकत नाही की कोणाची किल्ली काढून घेऊ शकत नाही. अधिकार चकतीएवढा आणि जबाबदारी चौकाएवढी असल्यामुळे, ‘दोनच मिनिटे, पलीकडून पाव घेऊन येतो’ असे म्हणत दोरी उचलणाऱ्या गावकऱ्याला केवळ चेहऱ्यावरच्या गांभीर्याने थोपवण्याची कला त्याला अवगत करून घ्यावी लागते.

मोठ्या शर्यतीत रस्ता दिवसभर आतुरतेने तुंबून राहतो. टूर द फ्रान्समध्ये स्वारांच्या बऱ्याच आधी जाहिरातदारांच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा जातो. १९३० पासून चालत आलेल्या या ताफ्यातून टोप्या, किल्लीच्या साखळ्या आणि सुक्या सॉसेजच्या पुड्या उधळल्या जातात आणि एरवी संयमी वाटणारी प्रौढ माणसे त्यांसाठी रस्त्यावर झेपावतात. त्यांना पुन्हा कडेला नेऊन उभे करणे हे सिन्यालरचे दिवसातील सर्वांत दीर्घ काम होय. त्यानंतर येतो तो ‘पेलोटाँ’, म्हणजे स्वारांचा मुख्य जथा. २०२३ च्या टूरमध्ये २२ संघांचे मिळून १७६ स्वार होते, आणि सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटर वेगाने म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर अंतर कापत जाणारा असा जथा अर्ध्या मिनिटाच्या आत नजरेआड होतो. पुढच्या स्वाराच्या मागे काही सेंटिमीटरांवर चाक ठेवल्यास वाऱ्याचा अडथळा बराच कमी होतो, म्हणून हे सारे एकमेकांना चिकटून धावतात. आणि त्याच कारणाने एक पडला की मागच्यांना वळायला जागा उरत नाही. शेवटी ‘झाडूगाडी’, म्हणजे मागे पडलेल्यांना गोळा करत येणारी गाडी, निघून जाते, अडलेली वाहतूक पुन्हा सुरू होते आणि जाकीट घातलेल्या माणसाकडे पाहणारे कोणी राहत नाही.

पाहण्याच्या हौसेविषयी एक घटना अर्जदाराच्या विचारार्थ येथे सविस्तर नमूद करणे भाग आहे. ३ जुलै १९९४ रोजी टूरचा पहिला टप्पा आर्माँतिएर या गावी संपत होता. अंतिम रेषेपूर्वीच्या धावेला ‘स्प्रिंट’ म्हणतात. त्या धावेत वेग ताशी साठ किलोमीटरच्याही पुढे जातो आणि स्वार मान खाली घालून, कठड्याला जवळजवळ घासून जातात. त्या कठड्यापाशी बंदोबस्ताला उभ्या असलेल्या एका पोलिसाला, समोरून येणारे दृश्य छायाचित्रात टिपावे, असा मोह झाला आणि तो किंचित पुढे झुकला. बेल्जियमचा विल्फ्रीड नेलिसेन थेट त्याच्यावर आदळला, फ्रान्सचा लोराँ जालाबेर त्यात सापडून चेहऱ्यावर गंभीर जखमा घेऊन कोसळला, दोघांचीही ती टूर तेथेच संपली आणि टप्पा अब्दुजापारोव या तिसऱ्याच स्वाराने जिंकला. प्रेक्षकांना मागे ठेवण्यासाठी नेमलेला माणूसच त्या क्षणी प्रेक्षक झाला होता. त्याला दुष्ट म्हणता येत नाही, हीच या प्रसंगातील खरी अडचण आहे. त्याची इच्छा अर्जदाराच्या इच्छेहून तसूभरही वेगळी नव्हती.

साध्या प्रेक्षकांनीही या परंपरेत आपला वाटा उचलला आहे. १९९९ साली आल्प द्युएझच्या चढावर छायाचित्र घेण्यासाठी रस्त्यात उभ्या राहिलेल्या एका तरुणाने आघाडीवरच्या ज्युसेप्पे गुएरिनीला पाडले. गुएरिनी उठला आणि तरीही जिंकला, पण चढावरचा वेग कमी असतो म्हणूनच हे शक्य झाले. २६ जून २०२१ रोजी ब्रेस्तहून लाँदेर्नोकडे निघालेल्या टप्प्यावर आजी-आजोबांना शुभेच्छा देणारा पुठ्ठा धरून, स्वारांकडे पाठ करून कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या एका स्त्रीमुळे टोनी मार्टिन हा स्वार पडला आणि त्याच्यामागे जथ्याचा बराच मोठा भाग जमिनीवर आला. न्यायालयाने तिला १,२०० युरो दंड केला.

आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. घाटातल्या वळणावर ट्रकला हात दाखवणाऱ्याला कोणत्याच देशात कसलाच किताब नाही, आणि तो नसावा हेच बरे, कारण किताब असता तर अर्जांचा ढीग पडला असता.

तथापि अर्जदाराची मनीषा पूर्णपणे फेटाळण्याचे कारण नाही. रस्त्याच्या मध्यभागी जेथे दुभाजक किंवा वर्तुळाकार चौक असतो, तेथे एक माणूस पिवळा झेंडा हलवत आणि शिट्टी वाजवत उभा केला जातो, जेणेकरून मागच्या रांगेतील, पुढचे काही न दिसणाऱ्या स्वारांनाही अडथळ्याची वर्दी मिळावी. या माणसाला शर्यत जितक्या जवळून दिसते तितक्या जवळून ती कोणालाही दिसत नाही, कारण सारा जथा त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातो, आणि तो जावा याची संपूर्ण भिस्त त्या झेंड्यावर असते. तेवढ्या काळात त्याने जागचे हलायचे नाही, मागे वळून निकाल काय लागला ते पाहायचे नाही आणि शेवटचा स्वार जाईपर्यंत शिट्टी थांबवायची नाही. ही जागा अर्जदारासाठी राखून ठेवण्यास हरकत नसावी.

अर्जासोबत वाहन परवान्याची प्रत जोडावी, पाण्याची बाटली व डबा स्वतःचा आणावा, आणि नैसर्गिक विधी नेमणुकीच्या आधीच उरकून यावे.

कळावे, लोभ असावा.

ता. क. कॅमेरा घरी ठेवून यावे. मोबाइललाही कॅमेरा असतो, हे अर्जदारास ठाऊक असेलच.